सायलीचं सामान आणि माझी अटक

गेल्या वर्षी मलकापूरच्या आठवडी बाजारात पोरं पळवणारी म्हणून एका बाईला पकडलं होतं. ती मी.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. त्या वर्षीच बदली होऊन आम्ही कुंडलहून मलकापूरला आलो होतो, त्यामुळे बाजारात मला ओळखणारं कुणी नव्हतं. नवरा फौजेत, पंजाबात. घरात मी आणि अकरा वर्षांची सायली. तिला सातव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला होता. अडीच वर्षं औषधं चालली. आजार गेला, पण जाताना तिच्या डोक्यातली चपळाई घेऊन गेला. वर्गात बाई चौथं वाक्य सांगायच्या तेव्हा सायली पहिलंच लिहीत असायची. पहिलीत मला तीसपर्यंतचे पाढे म्हणून दाखवणारी पोरगी 'सात आठे' विचारलं की खिडकीबाहेर बघायची. (मी दुसऱ्यांच्या पोरांना पाढे शिकवते. देवाला विनोदाचं अंग आहे, पण चांगलं नाही.)

मग सांगलीच्या एका मॅडमकडे जायला लागलो. लक्ष आणि स्मरणशक्तीचे व्यायाम त्या करून घेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सायलीला नाव विचारलं. मी म्हणाले, सायली. इयत्ता विचारली. मी म्हणाले, पाचवी. तुला काय आवडतं, असं विचारलं तेव्हा मी विचारात पडले, कारण ते मला नक्की माहीत नव्हतं.

मॅडमनी मला शांतपणे सांगितलं, की व्यायाम आठवड्यातून एक तास इथे होईल, बाकी सगळा घरी, म्हणजे तुमच्या हातात. आणि तुमचा व्यायाम एकच. तिला काही विचारलं की मनात दहा आकडे मोजायचे. उत्तर तिचं तिला शोधू द्यायचं.

काही आठवड्यांनी बाजाराचा व्यायाम आला. चार वस्तू तोंडी सांगायच्या, तिनं एकटीनं जाऊन आणायच्या, आईनं घरी थांबायचं. मी सांगितलं: कोथिंबीर, लिंबं, काडेपेटी, शेंगदाणे. सायली पिशवी घेऊन निघाली. मी घरी थांबले. साधारण दोन मिनिटं.

मग तोंडाला ओढणी गुंडाळली, नवऱ्याचं जर्किन चढवलं आणि मागोमाग गेले. तिनं कोथिंबीर घेतली. मी टोमॅटोवाल्याच्या मागे. लिंबं घेतली. मी छत्र्यांच्या मागे. काडेपेटीही घेतली. आणि मग भर रस्त्यात ती उभी राहिली. माणसं दोन्ही बाजूंनी तिला धक्के देत होती आणि ती तशीच, पिशवीत बघत. ते मला बघवेना. मी बटाट्याच्या ढिगाआडून हळूच म्हणाले, "शेंगदाणे." तिला ऐकू गेलं नाही. मी जरा मोठ्यांदा म्हणाले. बटाटेवाल्याला ऐकू गेलं.

त्यानं माझं जर्किन धरलं. "कोण गं तू? मगापासनं बघतोय, त्या पोरीच्या मागं मागं कशापायी फिरतीयास? शेंगदाण्याचं आमिष दावतीयास व्हय?"

मी म्हणाले, मी आई आहे तिची.

"आई हाय तर तोंड कशाला बांधलंय?"

मी ओढणी सोडली, पण तोवर वीसेक माणसं जमली होती. एका आजीनं सायलीला हाताला धरून आणलं. बटाटेवाल्यानं मायेनं विचारलं, "बाळ, घाबरू नगंस. ही बाई कोन हाय?"

सायली माझ्याकडे बघत राहिली.

पाठीच्या कण्यातलं इंजेक्शन दिल्यावर ती दवाखान्यात गुंगीतून जागी व्हायची तेव्हा अशीच बघायची. दर वेळी तिनं ओळखायच्या आत मीच घाईनं सांगायचे, मी आई. तिनं ओळखलंच नाही तर काय, हे बघायची हिंमत मला कधी झाली नव्हती. आता पर्याय नव्हता. मी मोजायला लागले. इतकी वर्षं आकडे शिकवते, पण दहापर्यंतचे आकडे एवढे लांब असतात हे ठाऊक नव्हतं. नऊला कुणीतरी पोलिसांना फोन लावा म्हणालं. मी तोंड मिटून ठेवलं. चौदाला सायली बोलली.

"आई हाय माजी." मग थांबून म्हणाली, "पन माजी आई घरी हाय."

बटाटेवाल्याची पकड घट्ट झाली.

"घरी थांबते म्हनली हुती," सायलीनं वाक्य पुरं केलं, आणि सगळा बाजार माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागला. पोरं पळवणारी म्हणून बघत होते तेच बरं होतं. मला तिथंच रडू फुटलं. सायली म्हणाली, थांब इथंच, माजं एक ऱ्हायलंय. आणि जाऊन गूळ घेऊन आली.

पुढं ती सुधारली, पण गोष्टीतल्यासारखी नाही. जूनमध्ये पाचवीतच पुन्हा बसली. आधीच्या मैत्रिणी वरच्या वर्गात गेल्या. सात आठे अजून कधी येतात, कधी नाही.

पण बाजारातल्या त्या प्रकारानंतर त्याच आठवड्यात सांगलीला मॅडमनी विचारलं, बाजारात काय झालं? सायलीनं सांगायला घेतलं. हळूहळू, मधे मधे थांबत, पण ओढणीपासून गुळापर्यंत सगळं ओळीनं सांगितलं. एक गोष्ट गाळली नाही. मी किती मोठ्यांदा रडले तेसुद्धा नाही. मॅडमनी तिच्या फायलीत 'चांगली प्रगती' असं लिहिलं.

मग कपाटातून एक कोरी फाईल काढली आणि माझं नाव विचारलं.