गोणीच्या पाठीचा पडदा

किन्हीराजाच्या शिवारात त्या सकाळी धुकं असं दाट, की पुढच्या तासात, म्हणजे झाडांच्या ओळीत, कोण कापूस वेचून राह्यलं ते नुसतं बांगड्यांवरून कळे. बंजाऱ्यांच्या तांड्यातल्या हिरीबाईचे हात बोंडांत होते, ध्यान मात्र गावच्या पाराकडे. तिथं आज दंडारीचा पडदा पुन्हा चढणार होता.

इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावच्या दंडारीत, त्या नाचगाण्याच्या खेळात, सोंगं झकास निघत, पण पडदा म्हणून दंडारीचा म्होरक्या जानराव याचं धोतर. लोक सोंगापेक्षा धोतरालेच जास्त हसत. त्या साली जानरावाची बायको सोजरबाई घरोघरच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे घेऊन तांड्यात आली आणि म्हणाली, याच्यात तुमचे आरसे भरा. गावच्या बायांनी तुकडे जोडले, तांड्यातल्यांनी भरले. हिरीबाईनं आपल्या जुन्या फेटियाचे, घागऱ्याचे, आरसे उसवून लावले. जिनं तिनं आपापल्या मांडीवरचंच पाहिलं. पुरा पडदा कोणी पाहिला नव्हता.

पहिल्यांदा टांगला तसा आरशांच्या वजनानं टरकला. जानराव म्हणाला, आरसे काढून टाका. हिरीबाईनं मनात म्हटलं, आरसे गेले की तांडाच गेला त्यातून.

घरी खुंटीवर सासऱ्याची गोण होती. बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख तुडवला, त्या दिवसांची तेवढीच खूण. जाड, दुहेरी शिवणीची. तिच्या पट्ट्या पडद्याच्या पाठीला लावल्या तर वजन पेलणार होतं. नवऱ्याला, मोहनसिंगला, विचारायची तिची छाती होईना. पण पडदा टरकल्याचं त्याच्याही कानी आलं होतं. त्यानंच गोण खुंटीवरून काढली, आणि पहिला टाका उसवला.

धुकं विरता विरता ती पारावर पोचली. गड्यांनी दोर ओढला. पडदा वर गेला, ताणला, टिकला. तेवढ्यात ऊन आलं. देवळाच्या भिंतीवर, बैलांच्या शिंगांवर, म्हाताऱ्यांच्या पागोट्यांवर कवडसेच कवडसे सांडले. जानरावानं नकळत पायातल्या वहाणा काढल्या.

सोजरबाईनंच हळू विचारलं, "यातलं तुह्यं भरलेलं कोनतं वो, हिरे?"

हिरीबाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"सापडूनच नाही राह्यलं, माय."

मग हिरीबाईनं कमरेची ओटी आवळली आणि राहिलेलं तास वेचायला वावराकडे निघाली. तिच्या पाठीवर एक कवडसा थोडा वेळ हलत होता.