तोंड दाबल्याचे तीन सामने

सोलापुरात आमच्या पेठांचे हुतूतूचे सामने थंडीत व्हायचे, रविवारी रविवारी, डाळीच्या गिरणीमागच्या मोकळ्या जागेत. तिथे पंच तिघे. पहिले गिरणीचे मालक अप्पा. घरात कानडी बोलत, दारात मराठी आणि रागावले की दोन्ही. दुसरे इस्पितळातले कंपाउंडर. तिसरा मी, चोवीस वर्षांचा शाळामास्तर. मी आमच्या पेठेच्या संघाचा नायकही होतो. एकच माणूस खेळतोही आणि न्यायही करतो, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्या गावात ज्याचं अक्षर चांगलं, त्याच्या गळ्यात सगळी कामं पडायची.

त्या अक्षराचा मला भारी माज होता. नियमांची वही मी स्वतः लिहिली होती आणि तिच्यातला माझा आवडता नियम तोंड दाबण्याचा होता. चढाईला आलेला गडी दम न सोडता हुतूतू म्हणत असतो. त्याला धरून ठेवायचं, दम संपला की तो बाद. पण तळहातानं त्याचं तोंड दाबून दम मोडणं म्हणजे लबाडी. तिला शिक्षा तीन सामने बाहेर. नुसतं बाहेर बसायचं नाही. त्या तिन्ही सामन्यांत मैदानावर पाणी मारायचं आणि चुन्याच्या फक्कीनं मधली रेघ आखायची. गड्यांना बसण्याची लाज वाटत नसे, घागर उचलण्याची वाटे.

त्या वर्षी पहिला सापडला तो विणकरांच्या पेठेतला एक गडी. घरी तेलुगू बोलणारा, दिवसभर हातमागावर बसणारा, त्याच्या मिठीत सापडलेला माणूस कधी सुटला नाही. त्यानं एकाचं तोंड दाबलं. "हात निसटला की, मास्तर," एवढंच तो म्हणाला. मी त्याला वर्गातल्या मुलासारखा उभा करून ऐकवलं की हात निसटला तर खाली जातो, नेमका तोंडावर जाऊन बसत नाही. लोक हसले. मला फार बरं वाटलं. कंपाउंडर एका सामन्यावर भागवायला तयार होते, मी तिनाखाली उतरलो नाही.

त्यानं तिन्ही सामने पाणी मारलं. रेघ आखायला घरून मागावरच्या ताण्याचं सूत आणलं, दोन खिळ्यांत ताणलं आणि त्याच्या कडेनं फक्की सोडली. तोवर आमच्या रेघा बैल चालता चालता मुतावा तशा असायच्या. ती रेघ बघायला अप्पा गिरणी सोडून बाहेर आले.

मग उपांत्य सामना आला. समोरचा चढाईचा गडी माझ्या हातातून सुटून रेघेकडे घसरत होता. दम शाबूत, रेघ वीतभर लांब. आणि माझा तळहात त्याच्या तोंडावर गेला. त्यानं कडकडून चावा घेतला. कंपाउंडरांनी शिट्टी मारली आणि मी जे बोललो ते आठवलं की आजही कान तापतात. मी म्हणालो, "हात निसटला."

मला बाहेर बसवलं, उरलेला डाव आमच्या गड्यांनी जिंकला. पुढच्या रविवारी शेवटचा सामना, तोही विणकरांच्या पेठेशी. तो खेळण्यासाठी माझा जीव तुटत होता. बायकोनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, आणि सासरे केमहून मुद्दाम आगगाडीनं जावयाचा खेळ बघायला येणार होते.

संध्याकाळी गिरणीच्या ओट्यावर आम्ही पंच बसलो. कंपाउंडर माझ्या तळहाताला आयोडीन लावत होते. तळहाताच्या मधोमध दातांची पुरी कमान उठली होती. तरी ते म्हणाले की मास्तरांच्या मनात तसं काही नसणार, शिकलेला माणूस, राहिलेला डाव बाहेर बसले तेवढी शिक्षा पुरे. अप्पा माझ्या हाताकडे बघत राहिले. मी मान डोलावली आणि चहा पिऊन टाकला. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला होता.

तेवढ्यात तो विणकर ओट्याशी आला. भांडायला आला असं वाटून मी मनात वाक्यं जुळवू लागलो. त्यानं कनवटीचं सूत काढून माझ्यापुढे ठेवलं.

"लई ताणू नका, तुटतंय," तो म्हणाला. "आन् फक्की वाऱ्याकडं पाठ करून सोडा. पैल्यांदा माझी उडाली व्हती."

मला दुसरी काही शिक्षा होईल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. मी सूत उचललं आणि अप्पांना म्हणालो, "तीन लिहा."

"छलो आयतु," म्हणत अप्पांनी मांडीवर थाप मारली आणि चहा पुन्हा मागवला. चांगलं झालं, एवढं कानडी मलाही कळत होतं.

रविवारी सासरे जरीकाठी पटका बांधून आले, तेव्हा मी घागरी वाहत होतो. त्यांनी घागरीकडे बोट दाखवलं. "जावईबापू, ह्ये पाणी मारायला मला केमाहून बोलीवलं व्हय?" मी सगळं सांगितलं. ते इतके हसले की पटका सैल झाला. मग खिळ्याजवळ बसून त्यांनी सुताचं टोक धरलं.

आम्ही हरलो. आमचा शेवटचा गडी त्या विणकराच्याच मिठीत सापडला. त्यानं दोन्ही हात गड्याच्या कमरेमागे गुंफले होते आणि दम संपेपर्यंत त्याला मोठ्यानं हुतूतू म्हणू दिलं. मी रेघेशी उभा होतो. दोन्ही पेठा ओरडत होत्या, आणि माझ्याच संघाच्या हारीला मीही ओरडत होतो.

पुढच्या थंडीत पहिल्या सामन्याला मी आमच्या गड्यांबरोबर कपडे काढून तयार झालो. वर्ष उलटलं होतं, कुणी काही म्हणालं नाही. मैदानाकडे वळलो तर मधोमध तो विणकर उकिडवा बसला होता. एक खिळा ठोकून झाला होता, सुताचं दुसरं टोक त्यानं माझ्यासाठी धरून ठेवलं होतं.

"दोन ऱ्हायलेत की, मास्तर," तो म्हणाला.

मी अंगरखा परत घातला आणि घागर आणायला गेलो.