भरदुपारी मुका झालेला रेडिओ

बंदरावरच्या रेडिओ खोलीत बसणाऱ्या बाईला सगळे ‘करवत’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं. सासऱ्यांनी मरताना सगळ्या बोटी धाकट्याच्या नावावर केल्या. तिचा नवरा थोरला असून भावाच्या बोटीवर ती हाकणारा तांडेल, आणि ती दिराची पगारी. जिभेला धार नसती तर केव्हाच पायपुसणं झालं असतं तिचं.

त्या दुपारी नवरा बोटीवरून बोलत असतानाच रेडिओ मुका झाला. तिने यंत्र तपासलं, तारा तपासल्या, सगळं ठणठणीत. मग वेधशाळेला फोन लावला. फोन ठेवते तोच दीर आत घुसला.

“काय मोडून ठेवलंत, वहिनी?”

“सूर्यावर भडका उडालाय, भावजी.”

“खापर फोडायला सूर्यच सापडला?”

तिने दातओठ खात सांगितलं, “सूर्यावरच्या डागांपाशी चुंबकीय रेषांना पीळ बसत जातो. उलट दिशेच्या रेषा भिडल्या की तुटतात, नव्याने जुळतात आणि साठलेली ऊर्जा एकदम सुटते. तिच्या जोरावर इलेक्ट्रॉनसारखे कण भन्नाट वेगाने सुटतात. काही सूर्याच्याच दाट थरावर आदळतात. तिथला वायू तापून क्ष-किरण ओकतो. ते आठेक मिनिटांत इथे पोचून वरच्या हवेत विद्युतभार माजवतात, आणि तिथून परतून येणारा आपला आवाज तिथेच गिळला जातो.”

“शिकवणी पुरे. माझा भाऊ आहे तिकडे.”

“भाऊ कसला? बोट आहे, म्हणून धावत आलात.”

दिराचा चेहरा काळाठिक्कर पडला.

“तासाभरात रेडिओ लागेल,” ती म्हणाली. लागला नाही. सूर्यावर दुसरा भडका उडाला होता. दीर दारात स्टूल टाकून, चोरावर ठेवावी तशी तिच्यावर नजर ठेवून बसला. ती पुन्हा पुन्हा हाका घालत राहिली. घसा बसला, पण त्याच्यासमोर तिने डोळ्यांत पाणी येऊ दिलं नाही.

ऊन कलल्यावर नवऱ्याचा आवाज आला. दिराने माइक तिच्या हातातून हिसकावला.

घरी आल्यावर नवरा ताटावरून मान वर न करता म्हणाला, “नाही नाही ते बोललीस त्याला. माफी माग.”

“मेले तरी नाही.”

दुसऱ्या दिवशी रेडिओ खोलीला नवं कुलूप होतं. ती तिथूनच निघाली आणि खाडीपलीकडे, दिराशी उभा दावा असलेल्या बोटमालकाकडे कामाला लागली. पुढे कधी वाऱ्यावादळात दिराची हाक रेडिओवर आली, तर ती हवामान सांगे, वाट सांगे. त्याने “वहिनी” म्हटलं की मात्र बटण बंद करी.