मॉडेलवर पाणी ओतणाऱ्या बाई

विद्यार्थ्यानं पुठ्ठ्याचं मॉडेल टेबलावर ठेवलं की बाई तांब्या उचलायच्या आणि सगळं पाणी त्यावर ओतायच्या. "सांग, आता हे कुठं जाणार?" खपून केलेली वसाहत लगदा होऊन खाली बसायची. पोरं रडकुंडीला यायची. "रड. घरात पाणी शिरलेला माणूस याहून जास्त रडतो."

लोणावळ्याजवळच्या आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात बाई नगररचना शिकवायच्या, मी शेजारच्या वर्गात बांधकाम. बदलत्या हवामानावरचे निबंध त्या न वाचताच परत करायच्या. "पाऊस आता बेतानं पडत नाही. शहराला पाणी मुरवायला शिकवा!" असं म्हणत वर्ग घेऊन तुंगार्लीच्या उतारावर जायच्या आणि पोरांना ओढ्यात उभं करायच्या. तुम्हालाही असं कुणी शिकवलं असेल, तर तुम्ही नशीबवान.

त्याच ओढ्यात एका बिल्डरनं बंगल्यांसाठी भराव टाकला. बाईंनी पोरांना त्या भरावाचे नकाशे काढायला लावले आणि बंगल्यांच्या परवानगीवरच्या जाहीर सुनावणीत भिंतीवर लावले. बिल्डर निघाला आमच्या विश्वस्तांचा मेहुणा.

विश्वस्तांनी बाईंना आणि त्यांच्यासोबत सुनावणीला गेलो म्हणून मलाही बोलावलं. "मॅडम, पर्यावरण शिकवा ना! झाडं लावा, सोलर लावा. दुसऱ्याच्या साइटवर कशाला जाता?"

"मग काय, दारातला ओढा सोडून व्हेनिस शिकवू?" बाई म्हणाल्या.

मी मध्ये बोललो, तर मला बाहेर बसवलं. जूनमध्ये बाईंचा करार वाढवला नाही. त्यांच्या जागी आलेला गृहस्थ परदेशी शहरांच्या स्लाइड दाखवतो. आणि कॉलेजच्या दारावर हिरव्या अक्षरांत 'शाश्वत' लिहिलंय. निर्लज्जपणा शाश्वत, एवढंच खरं.

त्याच पावसाळ्यात भरावानं अडलेला ओढा वळला आणि खालच्या वस्तीत शिरला.

मी पोहोचलो तेव्हा बाई आधीच तिथं होत्या. साडी खोचून, फावड्यानं एका घरातला चिखल ओढत होत्या. घरातली मावशी भिजलेली गोधडी पिळायला बघत होती. "तुमी लय सांगितलंत, बाई. आयकलं न्हाई कुनी."

मी म्हणालो, "शेवटी तुमचंच खरं ठरलं."

फावडं थांबलं. "खरं ठरावं म्हणून शिकवत होते का मी?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की मावशीच्या हातून गोधडी निसटून चिखलात पडली.

बाई वाकल्या, गोधडीचं एक टोक उचललं, दुसरं मावशीनं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या आणि दात-ओठ खाऊन पीळ देऊ लागल्या.