मागच्या चार रांगा

अहमदपूरच्या बसस्टँडमागे मुज्तबाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गावात त्याला कोणी मेकॅनिक म्हणत नाही, ब्रशवाला म्हणतात. मशीन कोणतंही येवो, बिघाड काहीही असो, हा गडी आधी बायकोच्या जुन्या ओढणीचं फडकं नाकाला बांधणार, डबा उघडून बाहेर ओट्यावर नेणार आणि ब्रशाने घासत बसणार. गिऱ्हाईक म्हणतं, अहो, नुसती रॅम वाढवायची होती. मुज्तबा म्हणतो, "घाणीत हात घालत नसतो मी."

आणि घाण तरी किती तऱ्हेची! लोकांच्या कॉम्प्युटरच्या पोटात काय काय निघतं ते ऐकलं तर तोंडातला घास तोंडातच राहील. झुरळांची पिलावळ, पालीची अंडी, गुटख्याच्या पुड्यांचे तुकडे, पंख्याला गुंडाळलेले केसांचे पुंजके. दसऱ्याला तर कहर. मशीनची पूजा करावी, कोण नाही म्हणतं? पण हळदकुंकू नेमकं हवेच्या जाळीवरच वाहायचं आणि नारळही मशीनच्याच डोक्यावर फोडायचा. मग दिवाळीच्या आत ते धूड दुकानात येतं, आत कुंकवाचा वाळलेला चिखल आणि आंबूस वास. एकदा सासुरवाडीच्या मशीनमधून त्याने ईदच्या शीरखुर्म्याच्या शेवया चिमट्याने वेचून काढल्या होत्या. तेव्हापासून घाणीला जातधर्म नसतो, हे त्याचं ठाम मत.

माणूस मुळातच शिसारीखोर. हॉटेलात चहा घ्यायचा तर स्वतःचा कप सोबत. मुलगी नाजिया लहान असल्यापासून तिला एकच धडा: परक्याच्या बाटलीचं पाणी प्यायची वेळ आली तर आधी बाटलीचं तोंड ओढणीने पुसायचं. फक्त आपल्या माणसाचं पुसायचं नाही. आपल्या माणसाची घाण नसते.

पण जुन्या मशीनला नवा जीव द्यावा तो यानेच. प्रोसेसर बदलताना हा श्वास रोखून धरतो. प्रोसेसर थंड ठेवणारी जुनी, सुकलेली पेस्ट खरवडून काढतो, नवीन प्रोसेसर खाचेत अलगद ठेवतो, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, मग पंखा. रॅमची पट्टी टक्क करून बसली की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते निकाहाच्या फोटोतही दिसत नाही.

त्या हिवाळ्यात लातूरहून अमरनाथ सरांचा निरोप आला. सरांचे मोठे क्लासेस, आणि नाजिया तिथेच शिकत होती. त्यांच्या इमारतीतली कॉम्प्युटर लॅब आता ऑनलाइन परीक्षांचं केंद्र होणार होती. मशीनं मात्र जुनाट. परीक्षा घेणाऱ्यांची अट होती की सगळ्या मशीनला जोमदार प्रोसेसर आणि चौपट मेमरी हवी.

मुज्तबाने आधी सगळी मशीनं उघडून साफ केली. सहा रांगा, चार दिवस, नाकाला फडकं. पाचव्या दिवशी सरांनी पार्टांचं खोकं पुढे सरकवलं. त्यात दोनच रांगांपुरता माल होता. बाकीचा सरांच्या नांदेडच्या शाखेत गेला होता.

"समोरच्या दोन रांगा खऱ्या करा," सर म्हणाले. "मागच्या चार रांगांना नुसते नव्या प्रोसेसरचे स्टिकर लावा. तपासणीवाले पुढच्याच खुर्चीत बसतात, चहा पितात न् जातात."

"सर, पेपर चालू झाला की मागची मशीनं मान टाकतील."

"कधीतरी, एखादं. मुज्तबाभाई, नाजियाची फी आपण मागितली का कधी?"

नव्हती मागितली. मुज्तबाने स्टिकर लावले. तेही कसे, तर एक वाकडा नाही. ज्या माणसाला कीबोर्डवरचा तंबाखूचा डाग सोसत नव्हता, त्याने हे अंगाला लावून घेतलं आणि संध्याकाळी साबणाने हात धुऊन गावाला आला. हातच धुतले, दुसरं काय धुणार?

उन्हाळ्यात नाजियाचं हॉल तिकीट आलं. एका पेपरवर तिचं फार्मसीचं ॲडमिशन ठरणार होतं, आणि केंद्र होतं तेच. ती खूश. "अब्बा, अपनाच सेंटर आया. आपने साफ करी सो मशीनां." आई कमरुन्निसाने साखर वाटली. मुज्तबाच्या तोंडात ती साखर मातीसारखी फिरली.

दुसऱ्या दिवशी तो लातूरला धावला. "सर, उरलेल्या रांगा करून टाकू. पार्ट मागवा, मजुरी नको मला."

सर हसले. "आता लॅबला सील लागलंय. आणि कोणती खुर्ची कुणाला, ते गेटवर कळतं, मलाही नाही. तिला पुढची रांग मिळो म्हणून दुवा करा."

मुज्तबाला तिथेच शिसारी आली. सरांची तर आलीच, त्याहून जास्त स्वतःची. आणि तरीही रात्री नमाज झाल्यावर त्याने खरोखर तीच दुवा मागितली.

परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर कडुलिंबाच्या सावलीत पालकांची गर्दी. शेजारी चाकूरकडचा दगडोबा नावाचा शेतकरी बसला होता, त्याची तनुजा आत होती. बोलता बोलता त्याने फडक्यातली भाकरी सोडली आणि अर्धी पुढे केली.

"घ्या भाऊ. सकाळपून पोटात काय न्हाई दिसत तुमच्या."

एरवी मुज्तबा हात जोडून नको म्हणाला असता. आज त्याने घेतली. भाकरी चांगली होती, वर ठेचा होता, आणि त्याने ती खाली बघत संपवली.

"लई हुशार हाय पोरगी," दगडोबा म्हणाला. "आमच्या घरात कोन दहावीच्या फुडं गेलं न्हाई. तुमी काय करता?"

"कॉम्प्युटरचं काम."

"मंग तुमाला काय घोर न्हाई."

पेपर सुटला. नाजिया जवळजवळ पळतच आली. "आगे की लाइन मिली अब्बा. मख्खन चला." मुज्तबाने डोळे मिटून अल्लाचं शुक्र म्हटलं. छातीवरची शिळा उतरली. डोळे उघडले तेव्हा समोर दगडोबा तनुजाला धरून उभा होता, आणि पोरगी हुंदक्यांनी गदगदत होती. मागची रांग. मशीन दोनदा बंद पडलं. दुसऱ्यावर बसवलं, तेही अडकलं, आणि गेलेला वेळ पुरता मिळालाच नाही. आपण आत्ता कशाबद्दल शुक्र म्हटलं ते मुज्तबाला कळलं, आणि त्या शब्दाचीच त्याला किळस आली.

दगडोबा भांडला नाही. त्याला भांडायचं कुणाशी तेच माहीत नव्हतं. तो मुज्तबाकडे वळला. "भाऊ, तुमी त्यातले हाव म्हून इचारतो. पोरीच्या हातून काय चुकलं का? मशीन अशी कशानं बंद पडती?"

नाजिया बापाकडे बघत होती. तनुजाही रडं थांबवून बघत होती.

"धूळ," मुज्तबा म्हणाला. "धूळ बसते आत. पोरीची चूक नाही."

"असं व्हय," दगडोबा म्हणाला, आणि तनुजाच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाला, "बघ, तुजं काय चुकलं न्हाई." जाताना त्याने मुज्तबाला रामराम घातला.

अहमदपूरच्या एसटीत बापलेकीला खिडकीची जागा मिळाली.  नाजिया बाहेर बघतच म्हणाली, "पीछे की मशीनां पे भी आपकेच स्टिकर थे ना अब्बा? उठते वक्त देखी मैं. एकदम सीधे."

 ऊन फार होतं. मुज्तबाने पिशवीतली घरची बाटली काढली, दोन घोट घेतले आणि तिच्यापुढे धरली.

नाजियाने बाटली घेतली. ओढणीच्या टोकाने तिचं तोंड नीट पुसलं, आणि मग पाणी प्याली.