मूठभर भोपळ्याच्या बिया

माझ्या मावशीच्या हाताला कायम धन्या-जिऱ्याचा वास. स्वयंपाकाचा नव्हे, नोकरीचा! अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नमुने दळते. कधी मसाले, कधी कलिंगडाच्या नाहीतर भोपळ्याच्या बिया. यंत्र थांबून थांबून चालवायचं, नाहीतर बिया तापतात, तेल सुटतं आणि पिठाचा लगदा होतो. मग थोडं पीठ भट्टीत जाळायचं. उरलेल्या राखेतून लोह, मॅग्नेशियम, पोटॅशियम किती ते कळतं.

घरी आली की आमचं डोकं खायची. "टाकतेस काय त्या बिया? सोनं आहे सोनं!" आंब्याची कोय सोडली तर बाईने घरातून एक बी बाहेर जाऊ दिली नाही.

तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, निवृत्त झाले आणि त्यांना थकवा यायला लागला. मावशीने उपाय ठरवूनच टाकला: रोज सकाळी मूठभर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. काका नखाने सोलून खुशीत खात. थकवा वाढला, तशी मूठही वाढली.

शेवटी दोघांचंही रक्त तपासलं. मावशीचं लोह कमी निघालं, ते कुणी मनावर घेतलं नाही. काकांच्या किडन्या थकलेल्या, त्यामुळे पोटॅशियम बाहेर न पडता रक्तात वर चढलेलं. "खाण्यात काय काय असतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मावशी सांगता सांगता बियांवर आली आणि तिने कपाळाला हात लावला. बियांमधल्या पोटॅशियमचा आकडा ती प्रयोगशाळेत रोज बघत होती. जास्त म्हणजे चांगलं, एवढंच तिच्या डोक्यात. "मीच खायला घातलं गं," घरी येऊन ती ढसाढसा रडली. मला तिचा रागही आला आणि कीवही.

बियांची बरणी माळ्यावर गेली. काका पथ्याने सावरले. मावशी मात्र दोन घास खाऊन उठायची. किती समजावलं, पण ऐकेल तर शपथ!

एका रविवारी आम्ही दोघी बाजारातून आलो तर काका बरणी काढून बसलेले, पुढ्यात सालांचा ढीग. मावशी कडाडली, "अहो! जीव नकोसा झालाय का?"

काकांनी आ करून दाखवलं. तोंडात काही नव्हतं. मग सोललेल्या बियांची वाटी तिच्याकडे सरकवली.

"अगं, मला चालत नाहीत. तुला चालतात. लोह कुणाचं कमी आहे?"

मावशीने उभ्यानेच एक बी चावली.

"मऊ पडल्यात," ती डोळे पुसत म्हणाली आणि वाटी घेऊन त्यांच्याशेजारी बसली.