मधेच थांबायचं नाही

"अण्णा, आता शनिवारी काय करता?" माझा मित्र दानिएल वारल्यापासून पेठेत मला हेच विचारतात. काय सांगणार... कपाळाला विभूती लावून त्या यहुद्याच्या घरी तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, ऐकायला जाणारा मी एकटाच होतो. गावातली त्याची माणसं केव्हाच इस्रायलला गेली, मुलगाही गेला. सभास्थानात पोथी वाचायला दहा पुरुष लागतात. इथं वाचणारा हा एकटा आणि ऐकायला मी, लिंगायत.

तोराची पाच पुस्तकं तो आठवड्याला एक भाग याप्रमाणे वर्षभरात संपवायचा. हिब्रूत वाचायचा आणि मला मराठीत सांगायचा. पहिल्या पुस्तकात जग निर्माण होतं, पाचव्याच्या शेवटी त्यांचा पुढारी मोशे देवानं वचन दिलेला देश डोंगरावरून नुसता बघतो आणि मरतो. "पण जीव मधल्या पुस्तकात हाय," तो म्हणायचा. "देवाजवळ राहायचं तर शेजाऱ्याशी कसं वागायचं, ते तितं हाय." त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे शाप येतात. देवाशी केलेला करार मोडलात तर रोग, दुष्काळ, परागंदा होणं. ते हळू आवाजात वाचायचे आणि मधेच थांबायचं नाही, असा दंडक. पुढं देवाला करार आठवतो, तिथं पोचल्यावरच दम घ्यायचा.

रिबेकावहिनी कॅन्सरनं गेल्या, त्या वर्षी मी चिडून म्हणालो, "ही पानं गाळ की लेका." तो म्हणाला, "करारात नुसती गोड कलमं असत्यात व्हय?" आणि वाचत राहिला. मला त्याचा राग आला, त्याच्या देवाचा तर जास्तच.

यंदा तो भाग आला तेव्हा दानिएलच्या छातीत पाणी झालं होतं. हट्टानं दवाखान्यातून घरी आला होता. चार ओळींतच धाप लागली. मराठी प्रत माझ्याकडं सरकवत म्हणाला, "मधी थांबायचं न्हाय... तू वाच." त्याला ऐकू कमी यायचं, पण दंडक मोडायचा कसा? मी हळूच वाचत राहिलो. तो माझ्या ओठांकडं बघत होता. दिलाशाच्या ओळी आल्या तसा मी आवाज चढवला, मान वर केली. डोळे माझ्याकडंच होते... पण तो बघत नव्हता.

मी थांबलो नाही. शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. तो आवाज ऐकूनच शेजारचे धावत आले. पुण्याहून त्याच्या समाजाची माणसं आली, दफन रीतीप्रमाणे झालं. मुलानं फोनवर विचारलं, "काका, वाचन पुरं झालं होतं ना?" मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतं.

ती प्रत आता माझ्याकडं आहे. शनिवारी शापांची तीच पानं उघडतो आणि एकेका ओळीपाशी थांबून त्याला विचारतो... इथवर होतास का रे? इथवर?